दातारांच्या कपाटातली मधली जागा

आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीतून कुणी ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या कामाला परदेशी, निघालं, की बॅगा भरायच्या आधी त्याला दातारांकडे हजेरी लावावी लागते. दातार पहिल्या मजल्यावर एकटेच राहतात. व्हिसाची चौकशी ते करत नाहीत. म्हणतात, "चॉकलेटं नकोत. तिथला एखादा मोठा माणूस आणा. मान हलणारा मिळाला तर उत्तम."

त्यांच्या हॉलमध्ये काचेचं कपाट आहे. बाहुल्यांच्या रूपातले राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, एक-दोन फलंदाज, शिवाय कुठल्याशा राणीच्या राज्यारोहणाचा कप असा दरबार त्यात भरलेला. सगळ्यांची तोंडं दाराकडे, पाहुण्यांच्या स्वागताला. बाजार खुला झाला याचं दातारांना कौतुक एवढंच, की कपाटाला दुसरा कप्पा लागला. जन्मभर कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते, त्यामुळे आलेला प्रत्येक थोर पुरुष आधी भिंगाखाली जातो. मी हौसेनं आणलेल्या राष्ट्राध्यक्षाचं नाक त्यांनी वाकडं ठरवलं आणि "रिजेक्ट!" म्हणून मला परत केलं. तो बिचारा सध्या आमच्या टीव्हीवर असतो.

नियम एकच. जिवंत माणसाला कपाटात प्रवेश नाही. "त्यांचा काय भरवसा? उद्या पक्ष बदलतील."

यंदा दिवाळीआधी त्यांनी मधली जागा रिकामी केली. अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये असलेली त्यांची मुलगी मेघा तीन वर्षांनी येणार होती आणि तिथला एक राष्ट्राध्यक्ष आणणार होती. वॉचमनपासून सगळ्यांना सांगून झालं. "शाळेत इंग्रजीत काठावर पास. आता गोऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढते. इन्स्पेक्टरची मुलगी आहे, अहो!"

वसुबारसेला तिचा फोन आला. प्रोजेक्टचं काम वाढलं, रजा रद्द. दातार मला जिन्यात भेटले. "काम महत्त्वाचं," एवढंच म्हणाले आणि पिशवी घेऊन मंडईच्या बसला गेले.

पाडव्याला मी फराळाचं ताट घेऊन गेलो, तर मधल्या जागेवर कुणीतरी उभं होतं. मुलांच्या किल्ल्यांसाठी मंडईपाशी मातीचे मावळे विकायला असतात ना, त्यांच्यातली गवळण. डोक्यावरचा हंडा कानशीने घासून काढलेला. खांद्यावर लॅपटॉपची बॅग रंगवलेली, गळ्यात ओळखपत्र आणि त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत 'मेघा दातार'. नाक चांगलंच वाकडं होतं.

"दातार, नाक बघितलंत का?"

"पास आहे."

"आणि तुमचा तो नियम?"

"तो पुढाऱ्यांसाठी. ही पक्ष बदलायची नाही."

त्यांची मान अशी ताठ झाली होती, की मलाच मेघाचा अभिमान वाटला. मग लक्षात आलं, बाकी दरबार दाराकडे बघतोय आणि ही एकटी जेवणाच्या टेबलाकडे. तिथे एकच खुर्ची होती.

"हिचं तोंड दाराकडे नाही केलंत?"

"दाराकडे बघायला मी आहे की," दातार म्हणाले आणि ताटातली चकली उचलून त्यांनी भिंगाखाली धरली.