फाटकाबाहेर बोला

नाना कर्णिकांच्या घराला नावं ठेवायची असतील तर आधी फाटकाबाहेर जावं लागे. हा नियम पाहुण्यांना होता, शेजाऱ्यांना होता, कौलं चाळायला येणाऱ्या गड्याला होता आणि खुद्द नानांनाही होता. भर जुलैत छपरातून पाण्याची धार थेट त्यांच्या ताटात पडली तरी नाना घरात हूं की चूं करत नसत. ताट बाजूला सरकवत, वर बघून "वा, काय गारवा आहे!" म्हणत, छत्री घेऊन फाटक ओलांडत आणि रस्त्यावर उभे राहून तळ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत, "गळतंय! नुसती चाळणी झालीय!" मग चेहरा हसरा करून पुन्हा आत.

कारण काय, तर वास्तू तथास्तु म्हणते. घरात बसून वाईटसाईट बोललं की वास्तू ते ऐकते, "तथास्तु" म्हणते आणि बोललेलं खरं होतं. आपल्याकडे हे घरोघरी मुलांना सांगतात आणि घरोघरी विसरतात. नाना विसरले नव्हते.

स्पष्ट सांगते, मला याचा संताप यायचा. मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते, पनवेलच्या भाडेकरू बचाव समितीत होते आणि जगात जे जे चुकीचं आहे त्यावर पत्रक काढायचं एवढंच मला येत होतं. अंधश्रद्धेवरही काढलं. "विटामातीला कान नसतात, कान तुम्हाला आहेत, ते उघडा!" असा मथळा. एक प्रत मुद्दाम नानांच्या फाटकात खोचली. दुसऱ्या दिवशी नाना समोरून आमच्या दारात आले आणि म्हणाले, "पुढारीणबाई, पत्रक झकास. बाहेर उभा राहूनच वाचलं."

नाना एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. कोकणात उतरणारी प्रत्येक गाडी त्यांच्या आवाजावर हलायची. निवृत्त झाले, पण गळ्यातला भोंगा निवृत्त झाला नाही. जेवायला बोलावताना म्हणत, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, आमटी फलाटावर लागलेली आहे." पाहुणा उठू लागला की म्हणत, "गाडी सुटण्यास विलंब आहे, बसा."

घरात श्रोता एकच, वसुधाकाकू. काचबिंदूनं त्यांची नजर जाऊन काही वर्षं झाली होती. पण घरात त्या अशा वावरत की नवख्या माणसाला पत्ताच लागत नसे. माठ, गॅस, देव्हारा, मागचं दार, अंगणातली विहीर, हात थेट तिथेच जायचा. मी चोरपावलांनी गेले तरी आतून आवाज यायचा, "मंगल, चप्पल उंबऱ्यावर काढलीस. खाली ठेव." फाटकाबाहेर मात्र नानांचा दंड धरल्याशिवाय त्यांचं पाऊल पडत नसे.

आणि हे घर नानांनी विकलं!

म्हणजे विकावं लागलं. रुळांपलीकडे नवीन पनवेल उभं राहू लागलं तशा जुन्या गावातल्या मातीच्या किमती भडकल्या, आणि नानांच्या दोन्ही भावांना, एक ठाण्याचा, एक पुण्याचा, लहानपणच्या घराची एकाएकी आठवण येऊ लागली. आठवण कसली, हिश्शाची! नाना भांडले नाहीत. घर घेतलं इस्माईलभाई तुंगेकरांनी. मस्कतला उमेदीची वर्षं घालवून परत आलेला, दाढी पिकलेला, हळू बोलणारा माणूस.

हे सगळं झाल्यावर नाना माझ्याकडे आले. "पुढारीणबाई, कृपया लक्ष द्यावे. एक प्रवासी गाडीतून उतरलेला आहे आणि त्याच गाडीत पुन्हा चढू इच्छितो."

"म्हणजे?"

"घर विकलं. आता तेच भाड्यानं हवंय."

मी ताडकन उठलेच! आमच्या समितीकडे छळलेले भाडेकरू ढिगानं होते, पण कालचा मालक आज भाडेकरू? अशी केस कोणाकडे होती! माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयारसुद्धा झाला. नाना म्हणाले, "पत्रक नको. तू नुसती शेजारी उभी राहा. मला घासाघीस जमत नाही."

बोलणी अर्थातच फाटकाबाहेर. एप्रिलचं ऊन, डांबर चपलांना चिकटत होतं. इस्माईलभाईंनी घाम पुसला. "नानासाब, सावलीत बसून बोलू की. आत चला."

"आत नाही. इथेच."

भाडं उतरवायचं तर घराला नावं ठेवणं भाग होतं. ते मी नानांकडून आदल्या दिवशी घोकून घेतलं होतं. नानांनी सुरुवात बरी केली. "कौलं फुटकी आहेत. विहिरीला उन्हाळ्यात पाणी नसतं."

"विकताना तर तुम्ही म्हणाला होता, विहीर बारमाही आहे."

"बारमाहीच आहे!" नाना उसळले. "पिऊन बघा! असं गोड पाणी अख्ख्या तालुक्यात नाही!"

मी त्यांच्या पायावर पाय दिला. "म्हणजे," नाना सावरले, "गोड आहे, पण... भिंतींना ओल आहे."

"ओल? कुठंय? मी तर हात लावून बघितलं."

"नाहीच आहे ओल! वडिलांनी उभं राहून बांधून घेतलंय!"

अशा रीतीनं भाडेकरू स्वतःच भाडं चढवत चालला होता. मी मध्ये पडले. "अकरा महिन्यांचा करार आम्हाला मान्य नाही! दर वर्षी बिऱ्हाड डोक्यावर घेऊन फिरायला भाडेकरू म्हणजे काय फेरीवाला आहे?"

इस्माईलभाईंनी नानांकडे पाहिलं. "ही कोण?"

"हा आमचा नवा भोंगा," नाना म्हणाले.

"बेटी, मी कुणाला काढतोय कुठं? राहू देत. मी फक्त थोडं दुरुस्त करणार. मागचं दार बुजवतो, न्हाणीघर आत घेतो, सैपाकघर पुढं आणतो. त्यांनाच आराम."

नानांचा चेहरा उतरला. "दार हलणार नाही."

"नानासाब, माझ्या खर्चानं करतोय मी!"

"भाडं चढं लावा. पण दार, माठाची जागा, सैपाकघर, काही हलणार नाही. तुमच्या नावाची पाटी लागणार नाही. आणि तुम्ही याल तेव्हा फाटकातून हाक मारायची, 'नाना, आहात का घरात?' पाहुण्यासारखी. मालक हा शब्द आत काढायचा नाही."

"माझं घर, आणि पाहुणा मीच?"

"हो."

"या अल्ला! भाडेकरू आहात की सासरे?"

हसू मलाही आलं, पण राग त्याहून मोठा होता. आम्ही भाड्यातल्या वाढीविरुद्ध मोर्चे काढायचे आणि हा माणूस एका दारासाठी आपणहून भाडं वाढवतोय! इस्माईलभाई आता गाडीकडे वळले होते. "असं नाही जमायचं, नानासाब. पावसाळ्याआधी काम लावायचंय मला. तुम्ही दुसरी जागा बघा. नवीन पनवेलला ब्लॉक पुष्कळ मिळतात."

झालं, सगळं हातचं जाणार! मी सभेतला आवाज काढला. "नाना, लपवाछपवी कशाला? विकलं तर विकलं! घर विकलंय, चोरी नाही केली—"

नानांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. चक्क हात. "हळू! ऐकेल."

"कोण? वास्तू?" मी हात झटकला. आता एक जळजळीत भाषण ठोकणार, तेवढ्यात मला दिसलं की नाना छपराकडे बघत नव्हते. ते घराच्या कडेनं दिसणाऱ्या मागच्या अंगणाकडे बघत होते.

मागच्या दारातून वसुधाकाकू बाहेर आल्या. खांद्यावर धुणं. चालत विहिरीपलीकडच्या दोरीपाशी गेल्या, एकेक कपडा झटकून वाळत घातला, वाटेतली बादली उचलली आणि जशा आल्या तशा, भिंतीला हात न लावता, उंबरा न चाचपडता आत गेल्या.

इस्माईलभाई गाडीच्या दाराला हात लावून थांबले होते. "भाभींना ठाऊक नाही?"

नानांनी मान हलवली. भोंगा पार बसला होता. "इथे तिला दिसतं, इस्माईलभाई. दुसऱ्या घरात गेली की ती आंधळी होईल."

  इस्माईलभाई परत फाटकापाशी आले, फाटकाच्या कडीशी उगाच खेळत राहिले. "दार तिथंच राहील," ते म्हणाले. "तुम्ही दोघं आहात तोवर काहीच हलणार नाही. भाडंपण चढं नको, मी आधी म्हणालो होतो तेच. ही पोरगी म्हणेल तसं लिहून घ्या." मग घसा खाकरला. "ती हाक काय म्हणालात? जरा सराव करतो." आणि मान वर करून मोठ्यानं ओरडले, "नाना, आहात का घरात?"

आतून काकूंचा आवाज आला, "आहेत, आहेत! या ना, उन्हात का उभे?"

तेव्हापासून इस्माईलभाई दर महिन्याला पाहुण्यासारखे येऊ लागले. हातात करंजा बंदरावरच्या सोड्यांची, सोललेल्या सुक्या कोळंबीची, पुडी. काकू सोड्यांची खिचडी टाकत, नाना "खिचडी फलाटावर लागलेली आहे" म्हणून पुकारत, आणि भाडं निघताना फाटकाबाहेर, रस्त्यावर, एका खिशातून दुसऱ्या खिशात जाई.

असंच एकदा ते दोघं भाड्यासाठी बाहेर उभे असताना मी सैपाकघरात काकूंपाशी बसले होते. काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. बोटं न थांबवता म्हणाल्या, "भाडं जास्त तर नाही ना घेत ग?"

मी चमकून दाराकडे पाहिलं, नाना अजून बाहेरच होते.

"अगं, हा माणूस फाटकाबाहेर जातो तो गळतीबद्दल ओरडायला. भर एप्रिलात रोज रोज कसली गळती? आणि बाहेर जाऊन ओरडणारा माणूस बाहेर जाऊन कुजबुजायला लागला, तेव्हाच समजलं." त्यांनी एक खडा अचूक वेचून बाजूला टाकला. "आणि इस्माईलभाईंना सांग, मालकानं भाडेकरूकडे दर खेपेला सोडे घेऊन यायचे नसतात. दुसऱ्या कुणाला संशय येईल."

"मग नानांना सांगत का नाही तुम्ही?"

"एवढं मोठं गुपित त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पेललंय. पेलू दे."

उंबऱ्यावर पावलं वाजली. नाना आत आले, छपराकडे पाहिलं, छाती भरून श्वास घेतला. "वा! काय हवा खेळते या घरात!"

"खेळते ना," काकू म्हणाल्या. नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं, एकेक शब्द नीट लावून. "मी काय म्हणते, आपण दोघं शेवटपर्यंत इथेच राहायचं."

नाना दारातच थबकले.  सूप हलायचं थांबलं. घर अगदी गप्प होतं.

विटामातीला कान नसतात, हे मी स्वतः छापून वाटलं होतं. म्हणून मग मीच म्हणाले, "तथास्तु."