रपट्यावरची टेस्ट ड्राइव्ह

शनिवारी शोरूम उघडल्या उघडल्या रीना मॅडमनी धर्मेंद्रला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम जबलपूरच्या, वयाने त्याच्याहून वीस वर्षांनी लहान आणि बोलायला मोजूनमापून.

"धर्मेंद्रजी, अब बुकिंग मोबाइल पे होती है, गाडी सीधे घर पहुँचती है. सेल्समन का काम क्या बचा? आज जो पार्टी आ रही है, उसकी बुकिंग आपके नाम से हुई तो ठीक. नहीं तो सोमवार से मत आइए."

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात बावीस वर्षं गाड्या विकलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. धर्मेंद्रची विद्या एकच होती. गिऱ्हाइकाला बसवायचं, इंजिन चालू करायचं, जरा रेस द्यायची आणि म्हणायचं, "आवाज ऐका, आवाज!" आता शोरूमच्या मधोमध जी पांढरी इलेक्ट्रिक गाडी उभी होती, तिला आवाजच नव्हता. शिवाय ती विजेवर चालायची, आणि विजेला धर्मेंद्र जाम भ्यायचा. लहानपणी ओल्या हाताने शेतातल्या पंपाच्या मोटारीला हात लावला तेव्हा त्याला असा झटका बसला होता की तो बांधावर जाऊन पडला. तेव्हापासून घरातला पंखासुद्धा तो बायकोला लावायला सांगायचा. ही गाडी आल्यापासून तर तो बूट सोडून रबरी चपला घालून कामावर येत होता. कुणी विचारलं तर टाच दुखते म्हणायचा.

पार्टी अकराला आली. लांजीकडच्या गावांत आरोग्य खात्याच्या सुपरवायझर असलेल्या अंजनाबाई आणि त्यांचे यजमान, रिटायर झालेले टिकाराम गुरुजी. गाडी बाईंना घ्यायची होती. गुरुजींना ती नको होती, पण तसं म्हणायची त्यांच्या घरात सोय नव्हती.

"भाऊ, माहिती सांगत बसू नका. मोबाईलवर सारं पाहून आलो आमी," अंजनाबाई म्हणाल्या. "चाबी द्या."

बाई स्टिअरिंगवर, शेजारी गुरुजी आणि मागच्या सीटच्या मधोमध, कशालाच अंग लागणार नाही असा आक्रसून धर्मेंद्र, अशी वरात निघाली.

"चालू झाली काय वं?" गुरुजींनी डोळे मिटूनच विचारलं.

"अहो, नाका मागं गेला! डोळे उघडा."

"पायाखाली बॅटरी हाये म्हणते. गरम लागून राह्यलं मले." गुरुजींनी दोन्ही पाय सीटवर घेतले. धर्मेंद्रला ती कल्पना एकदम पटली आणि त्यानेही मागे मांडी घातली.

"भाऊ, पाण्यात कशी चालते?" बाईंनी विचारलं.

धर्मेंद्रच्या जिभेला बावीस वर्षांची सवय होती. "ताई, पाण्याची तं गोष्टच करू नका. मगर हाये मगर!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंनी पुढच्या वळणावर गाडी कच्च्या रस्त्याला घातली. थोड्या वेळाने नाला आला आणि त्यावरचा रपटा, म्हणजे ज्याच्यावरूनच पाणी वाहतं असा बुटका पूल. पाणी घोटाभर होतं. बाईंनी गाडी बरोबर मधोमध नेऊन थांबवली.

"माह्या राउंडात असे चार रपटे लागते," त्या म्हणाल्या. "उतरा भाऊ. पाण्यात उभे राहून गाडीले हात लावा. काही झालं नाई तं गाडी पक्की."

"मी?"

"मंग काय गुरुजीले उतरवू?"

"मी नाई उतरत!" गुरुजी ओरडले. न विचारताच.

धर्मेंद्रला खरीखुरी भीती वाटली. त्याला बायको मंजुषा आठवली, बारावीला असलेली लेक खुशी आठवली. नोकरी गेली तर पन्नाशीच्या माणसाला कोण ठेवणार? आणि जीव गेला तर? नोकरीची काळजी तेवढी मिटणार होती. मारुतीचं नाव घेत तो पाण्यात उतरला.

"चपला काढा."

"ताई, टाच दुखते."

"पाण्यानं बरं वाटन."

चपला निघाल्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, धर्मेंद्रला हात लावायच्या आधीच बोटांत मुंग्या यायला लागल्या. गुरुजींनी मोबाईल काढला. "व्हिडिओ घेतो मी. उद्या पोलिसानं इचारलं तं पुरावा पाहिजे."

बायकोच्या अंगावरून वाकून ते खिडकीबाहेर मोबाईल धरू लागले. धर्मेंद्रने डोळे मिटून गाडीच्या दाराला एक बोट लावलं आणि त्याच क्षणी गुरुजींचं कोपर हॉर्नवर पडलं.

आख्ख्या प्रवासातला तो गाडीचा पहिला आवाज. "मेलो!" म्हणून धर्मेंद्र पाठीवर पाण्यात आडवा झाला. "गेला! अंजना, गेला तो!" असं किंचाळत गुरुजींनी दार उघडून पाण्यात उडी मारली, खाली पाणी आहे हे कळल्यावर त्याच पावली परत गाडीत उडी मारली. मोबाईल मात्र त्यांनी सोडला नाही.

अंजनाबाई जागच्या हलल्या नाहीत. "उठा भाऊ. करंट लागलेला माणूस मेलो मेलो म्हणत नसते."

धर्मेंद्रने एक डोळा उघडला. तो जिवंत होता. पडताना टेकलेला एक हात अजून गाडीच्या चाकावर होता. बाई मोबाईलवर टकटक करत होत्या. "घ्या. झाली बुकिंग."

निथळत्या कपड्यांनी, पण छाती काढून धर्मेंद्र शोरूममध्ये शिरला. रीना मॅडम कॉम्प्युटरकडे पाहत होत्या.

"बुकिंग आ गई है. लेकिन ऑनलाइन आई है, धर्मेंद्रजी. आपका नाम कहीं नहीं."

धर्मेंद्र गुपचूप टेबलाचा खण रिकामा करू लागला. बावीस वर्षांत खणात जमलं होतं काय, तर एक कंगवा आणि तीन पेनं. त्याला रडू येऊ लागलं.

इतक्यात मॅडमचा फोन वाजला. मग शोरूमचा वाजला. मग परत मॅडमचा. गुरुजींचा पुरावा लांजीच्या साऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला तिरोडीपर्यंत पोचला होता.

"हाँ जी. हाँ, वही गाडी. जी, आदमी भी यहीं है." मॅडमनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "धर्मेंद्रजी, ड्रॉवर बंद कीजिए. सोमवार की पाँच टेस्ट ड्राइव्ह हैं. गाडी के बारे में कोई कुछ नहीं पूछ रहा, सब यही पूछ रहे हैं कि पानी में वो आदमी खडा होगा ना?"

"पाचही वेळा?" धर्मेंद्रने बारीक आवाजात विचारलं.

"रोज!"

नोकरी जाऊ नये म्हणून सकाळी जो पाण्यात उभा राहिला होता, तो धर्मेंद्र आता नोकरी राहिली म्हणून मटकन खाली बसला.