करवत माशाची धार

त्या वर्षी मी कायम होणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. साल १९७४. लाकूडबाजाराच्या लकडगंजातली शाळा आणि तिथे चार वर्षांपासून हंगामी असलेला मी विज्ञानशिक्षक. तपासणीचे साहेब माझा एकच तास बघणार होते. असा तास घेईन म्हटलं, की साहेबांनी जागेवर शेरा लिहावा!

विषय निवडला, कोआला आणि करवत मासा यांची तुलना. दोघेही मी चित्रातच पाहिलेले, पण उठता-बसता तेच डोळ्यांपुढे. एक निलगिरीच्या झाडावर वीस-वीस तास झोपतो. दुसरा पाकट माशाच्या भावकीतला, समुद्रतळाच्या वाळूवर निवांत पडून असतो, आणि दिवसेंदिवस कमी होत चाललाय बिचारा. एकाच्या पोटाला पिशवी, दुसऱ्याच्या तोंडाला करवत.

लाकडी नमुने लाकूड चिरायच्या आरा मशीनवरच्या रुपरावांनी करून दिले. कोआला असा कोरला होता की थोपटावासा वाटे. मासा चांगला नऊ फुटी.

तासाला सगळं जमून आलं. छताला दोरांनी टांगलेला मासा मी हळूहळू झुलवत होतो. शेजारी उभ्या केलेल्या सावरीच्या फांदीवर कोआला, खाली खुर्चीत साहेब. बोलता बोलता मी समुद्रातच उतरलो. डोळे मिटले. सगळा वर्ग निळा झाला. लाटाही ऐकू येऊ लागल्या, खर्र... खर्र...

"बघा, कसा शांत झोपलाय," म्हणत मी डोळे उघडले. झोपले होते ते साहेब. कोआला फांदीसकट त्यांच्या मांडीवर येऊन पडला आणि ते ताडकन उठले.

रुपराव दारात उभे राहून बघत होते.

"रुपराव, माशाच्या करवतीले धार काहून लावली जी?" मी विचारलं.

"मंग? करवत हाये ना थे, सर. बिनाधारीची देली असती, तर लकडगंजात मले कोणी उभं केलं असतं का?"

साहेबांनी फांदीच्या कापावरून बोट फिरवलं. कोआला उलटसुलट करून पाहिला. मग शेरेबुक मागवलं. मुख्याध्यापक मधुकररावांनी शेरा मोठ्याने वाचला, "काम उत्कृष्ट. सुतारकामाच्या रिकाम्या जागेवर हे नमुने करणाऱ्या गृहस्थांना कायम घ्यावे."

मला फार लागलं ते. रुपरावांना अजून जास्त लागलं असावं, कारण त्या दिवसापासून ते माझ्याशी फार अदबीने बोलू लागले. पुढे एकदा मी तापाने पडलो, तर माझा विज्ञानाचा तासही त्यांनीच घेतला. पोरांना पहिल्यांदाच समजला म्हणे.