उमेदवाराचा तिसरा हात

वायरमनच्या घरातली बेल वाजत नसे. दारावरचं बटण दाबलं की आतल्या खोलीतला पंखा बंद पडे आणि पंखा थांबला की घरचे समजत, कुणीतरी आलंय. नऊ वर्षांपूर्वी केलेली ही जोडणी तात्पुरती होती. स्वयंपाकघरातला दिवा लावायला बाथरूमपर्यंत जावं लागे, तेही तात्पुरतंच. दुसऱ्यांच्या घरात हाच माणूस असं वायरिंग करी की बघत राहावं. स्वतःच्या घरात मात्र त्याने सगळा संसार चिकटपट्टीवर उभा केला होता.

अशा घरातल्या मुलीला परदेशातल्या विद्यापीठाने वीज-अभियांत्रिकीसाठी निवडलं. अट एकच राहिली होती : इंग्रजीच्या परीक्षेचे गुण शुक्रवारपर्यंत पोचले पाहिजेत, नाहीतर जागा दुसऱ्याला. परीक्षाकेंद्रं भरून गेलेली. घरी बसून संगणकावर द्यायच्या परीक्षेची शेवटची वेळ मिळाली ती मंगळवारी सकाळी अकराची. खोलीत एकटं बसायचं, कॅमेऱ्यातून पर्यवेक्षक बघत राहणार, आणि परीक्षा चालू असताना इंटरनेट मिनिटभर जरी गेलं तरी परीक्षा रद्द.

"बाबा, मंगळवारी नेट जायला नको हं," लेक म्हणाली.

"मी असताना?" वायरमन दुखावला.

"तुम्ही आहात म्हणूनच म्हणतेय ती," बायको आतून म्हणाली.

वायरमनने ते मनावर घेतलं. सोमवारी माळ्यावर चढून त्याने राउटरची पिन सॉकेटात घट्ट बसवली आणि वर चिकटपट्टीचे आणखी तीन वेढे दिले. त्याच्या मते हे जवळजवळ कायमस्वरूपी काम होतं.

मंगळवारी अकराला दहा कमी असताना राउटरचे हिरवे दिवे विझले.

"बाबा!"

"आलो!"

माळा खोलीच्या दारावर होता. पॅसेजमधून शिडी लावून चढायचं, आणि खोलीच्या बाजूला नुसता पडदा. सॉकेट त्या पडद्यापलीकडे. वायरमनने पिन दाबली, दिवे लागले. सोडली, विझले. नीट दुरुस्त करायचं तर मेन बंद करून अर्धा तास हवा. घरातले चारही एक्स्टेन्शन बोर्ड गिऱ्हाइकांकडे गेलेले. तात्पुरते.

"मी धरून बसतो," तो म्हणाला.

"अहो, खोलीत कुणी चालत नाही!"

"मी कुठे खोलीत आहे? पाय पॅसेजमध्ये, धड माळ्यावर. हात काय तो खोलीत."

बायकोने कपाळावर हात मारला आणि शिडी धरली.

अकराला पर्यवेक्षक संगणकाच्या पडद्यावर आला. त्याने इंग्रजीत कॅमेरा चौफेर फिरवायला सांगितलं. टेबल दिसलं, टेबलाखालची फरशी दिसली, दार दिसलं, आणि दाराच्या वर, पडद्यातून कोपरापर्यंत बाहेर आलेला एक केसाळ हात दिसला.

"ते काय आहे?"

लेक खोटं बोलत नसे. शिवाय खोटं पचवण्याइतकं तिचं इंग्रजी अजून तपासलं गेलं नव्हतं.

"माझ्या वडिलांचा हात, सर."

"खोलीत दुसरं कुणीही चालणार नाही. हात काढा."

तिने वर बघून सांगितलं, "बाबा, हात काढा म्हणतात."

वायरमनने हात काढला. नेट गेलं आणि नेटबरोबर पर्यवेक्षकही गेला.

"लावा, लावा!"

हात परत आला, पर्यवेक्षक उगवला. "तुम्ही कुठे गेला होतात?" त्याने कडक आवाजात विचारलं.

"तुम्हीच हात काढायला सांगितलात, सर."

पर्यवेक्षक अभ्यासू असावा. खात्री करायला त्याने पुन्हा एकदा हात काढायला लावला, स्वतः नाहीसा झाला, पुन्हा आला. मग त्याने वरिष्ठांना गाठलं. सात मिनिटांनी निकाल लागला. नियमावलीत कुबड्या, श्रवणयंत्र यांना परवानगी होती. त्याच कलमाखाली वडिलांच्या हाताची 'साहाय्यक उपकरण' म्हणून नोंद झाली. अटी तीन : उपकरण सतत कॅमेऱ्यात दिसलं पाहिजे, हलता कामा नये, आणि आवाज करता कामा नये.

"बाबा, आता तुम्ही उपकरण आहात. दोन तास हलायचं नाही."

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच एका जागी राहणार," शिडीखालून आवाज आला.

वाचनाचा पेपर सुरू झाला आणि पंखा थांबला. परत चालू झाला. पुन्हा थांबला. पुन्हा चालू.

"हा कसला संकेत आहे?" पर्यवेक्षकाने परीक्षा थांबवली. "दोनदा थांबला म्हणजे दुसरा पर्याय?"

"नाही सर. दारात कुणीतरी आलंय."

पर्यवेक्षकाने बराच वेळ काही लिहून घेतलं.

दारात निवृत्त हेडमास्तर होते. त्यांच्याकडे तीन दिवस गीझर बंद होता.

"आहेत का वायरमन?"

"आहेत, पण वर आहेत," बायको कुजबुजली.

हेडमास्तरांनी आधी तिच्याकडे, मग आकाशाकडे पाहिलं. "कधी झालं हे?"

"माळ्यावर हो! या आत, शिडी धरा. आवाज नको."

परीक्षा म्हटल्यावर हेडमास्तरांच्या अंगात संचारलं. शिडी धरून ते असे ताठ उभे राहिले की पॅसेजमधली पालही चुकचुकायची थांबली. दीड तासाने वायरमनचा हात बधिर झाला. बोटं आपली आहेत की दुसऱ्याची, हे त्याला कळेना.

"सरका जरा," म्हणत बायको वर चढली आणि तिने पिन धरली. खोलीत केसाळ हात आत गेला आणि पिठाने माखलेला हात बाहेर आला.

"उपकरण बदललं आहे!" पर्यवेक्षक ओरडला. "नोंद झालेलं उपकरण ताबडतोब परत आणा!"

नोंद झालेलं उपकरण मुंग्यांसकट परत आलं.

शेवटी बोलण्याची परीक्षा. लेकीने चाळीस विषय घोकले होते : प्रदूषण, आवडतं पुस्तक, प्रवासाचे फायदे. पडद्यावर विषय आला : 'घरातल्या दुरुस्तीला आलेल्या एखाद्या वस्तूबद्दल दोन मिनिटं बोला.'

तिने वर हाताकडे पाहिलं. घोकलेलं सगळं बाजूला पडलं आणि ती सुटली. शब्द शोधावे लागले नाहीत, श्वास घ्यायला वेळ पुरला नाही. वायरमनला इंग्रजीतलं फ्यूज, अर्थिंग आणि न्यूट्रल एवढंच कळे. पण 'माय फादर' त्याने बरोबर टिपलं. एकदा, दोनदा, सहादा.

"काय म्हणतेय?" बायकोने खालून विचारलं.

"कौतुक करतेय माझं," तो कुजबुजला. सातव्या 'माय फादर'ला उपकरणाचा अंगठा आपोआप वर झाला.

"उपकरण स्थिर ठेवा," पर्यवेक्षक म्हणाला. पण त्याचा आवाज हसू दाबल्यासारखा येत होता.

बुधवार गेला, निकाल नाही. गुरुवार गेला, निकाल नाही. संकेतस्थळावर एकच ओळ : 'फेरतपासणी सुरू.' लेक जेवेना. राउटर गिऱ्हाइकाकडून परत आणलेल्या बोर्डावर लावून वायरमन त्याच्या दिव्यांकडे टक लावून बसला. शुक्रवारी दुपारी तीनला लेकीची किंकाळी ऐकू आली.

"आले! बोलण्याला नऊपैकी नऊ! विद्यापीठाला पण पोचले!"

आईने तिला मिठी मारली. वायरमनने दोघींना मिठी मारली, अर्थात एका हाताने. दुसरा सवयीने पिन धरल्यासारखा वरच राहिला.

"बघ! माझ्यावर बोलली म्हणून नऊ! बाकी काय लिहिलंय?"

लेक मराठी करत वाचू लागली, तसा तिचा आवाज बारीक झाला. "उमेदवाराच्या तिसऱ्या हाताबाबत चौकशी पूर्ण झाली. गैरप्रकार आढळला नाही. उमेदवाराने मौखिक परीक्षेत घराचं जे वर्णन केलं, ते ऐकून समितीला काळजी वाटते. घरचं वायरिंग कृपया परवाना असलेल्या वायरमनकडून तपासून घ्यावं."

वायरमनने भिंतीवरच्या आपल्या अठ्ठावीस वर्षांच्या परवान्याकडे पाहिलं.

बायकोने शांतपणे फोन उचलला. वायरमनच्या खिशात रिंग वाजली. सवयीने त्याने फोन कानाला लावला.

"मिस्त्री, एक काम होतं. पूर्ण घराचं आहे," ती समोर उभी राहून म्हणाली. "कधी जमेल?"

"उद्या सकाळी दहाला येतो, ताई," वायरमनच्या तोंडून गेलं. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द त्याने आजवर मोडला नव्हता.

शनिवारी सकाळी दहाला पाच कमी असताना तो हत्यारांची पिशवी घेऊन घराबाहेर गेला, दार लावून घेतलं, आणि दहाच्या ठोक्याला बटण दाबलं.

आत पंखा थांबला.

"आई," लेक म्हणाली, "वायरमन आला वाटतं."