मधुकररावांचं जपानी

मुलीच्या बघण्याच्या कार्यक्रमाला मधुकररावांनी भाड्याने व्हिडिओ आणला आणि तिथेच घोटाळा झाला. सांगितला होता देवादिकांचा सिनेमा. दुकानदाराने घातली जपानी कार्टूनची कॅसेट. ती बदलायला वेळ नव्हता. बोनकोडे गावच्या दुर्गाबाई मुलाला, नंदकिशोरला, घेऊन वाशीच्या फ्लॅटचा जिना चढत होत्या.

सुनीती बारावीला पहिल्या वर्गात आली होती. तिला कॉलेजात जायचं होतं. मुलगी फार शिकली तर तिच्या जोडीचा नवरा कुठून आणायचा, या धास्तीने मधुकररावांनी हे स्थळ काढलं होतं.

"ही पोर काय बोलते?" दुर्गाबाईंनी टीव्हीकडे बोट दाखवलं. "तुमाला जपानी येतंय ना? बोटीवाल्यांशी बोलता म्हनं."

गोदीत कारकुनी करणाऱ्या मधुकररावांनी ही थाप गावभर मारून ठेवली होती. आता माघार घेतली असती तर सोयरीकच बोंबलली असती.

"ती म्हणते, मला स्वयंपाक शिकायचाय."

पडद्यावरच्या मुलीने भलंमोठं पुस्तक उघडलं. मंत्र म्हटला, चुकली, पुन्हा म्हटला, आणि समोरच्या राक्षसाचा धूर झाला.

"फोडणी जरा जोरात बसली," मधुकरराव म्हणाले.

"आनि तो राजपुत्र?" नंदकिशोरने पोहे खाता खाता विचारलं. राजपुत्र केव्हाचा झाडामागे लपला होता.

"त्याची ड्युटी आहे."

शेवटी मुलगी एका प्रचंड पक्ष्यावर बसून ढगांपलीकडे गेली. राजपुत्र खालीच राहिला.

"सासरी निघाली." मधुकरराव म्हणाले.

"एकलीच?"

"तो सामान घेऊन मागून येतोय."

दुर्गाबाईंनी डोळे पुसले. "येवरी शिकली, राक्षस मारला, पन शेवटी सासरीच गेली. अशीच पोर पायजे आमाला!" त्यांनी सुनीतीच्या ओटीत नारळ घातला. सुनीतीने मान वर केली नाही.

पाहुणे गेले. सुनीतीने नारळ टीव्हीवर ठेवला आणि कॅसेट पहिल्यापासून लावली.

"बाबा, आता तुम्ही काही सांगू नका."

मधुकरराव पडद्याकडे बघू लागले. मंत्र चुकल्यावर ती मुलगी रडली होती, मग डोळे पुसून तिने पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं होतं. मघाशी थापा मारण्याच्या नादात हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. पक्षी उडाला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "खरंच, कुठं जाते गं ती?"

"मला कुठं जपानी येतं? पण सासरी नाही जात, एवढं कळतं."

मधुकररावांनी टीव्हीवरचा नारळ उचलला आणि चपला पायात घातल्या. पण बोनकोड्याला जाऊन तो परत करताना काय सांगायचं, हे त्यांना एकाही भाषेत सुचेना.