तीन मजली फलक

पालिकेच्या सभेचं इतिवृत्त मी सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवतो. हसू नका. बावीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. सभागृहात कोण काय बोलणार, हे बोलणाऱ्याच्या आधी मला ठाऊक असतं. दाढीवाले सदस्य विरोध करतात, चष्मेवाल्या बाई दाढीवाल्यांना विरोध करतात, अध्यक्ष चहा मागवतात. चहा आला की ठराव मंजूर.

तर आदल्या दिवशी टाइप करत होतो:

*विषय ४. घरांची घनता. एका भूखंडावर किती मजले असावेत याबाबत सखोल चर्चा हो*

इथे बायकोचा फोन आला.

"उद्या होतंय ना मंजूर?"

"झालंच समज."

"समजून समजून सात महिने झाले."

सात महिन्यांपूर्वी माझा थोरला भाऊ आणि वहिनी आमच्या हॉलमध्ये राहायला आले. त्यांचं घर दुरुस्तीला काढलं ते अजून उघडंच आहे. दादा सोफ्यावर झोपतो, वहिनी दिवाणावर, आणि आम्ही स्वतःच्याच घरात पहाटे चोरासारखे भिंत धरून स्वयंपाकघर गाठतो. वर मजला चढवला की सगळे सुटलो. पण नियम एकाच मजल्याचा. विषय चार मंजूर झाला तर तीन.

"की मी माहेरी जावं असं तुम्हा भावाभावांचं ठरलंय?" बायको म्हणाली.

तिची समजूत काढता काढता मी चौथ्या विषयाचा ठराव पाचव्याखाली चिकटवला आणि पाचव्याचा चौथ्याखाली. पाचवा विषय होता जाहिरात फलकांचे नियम.

सभेत अध्यक्षांनी विचारलं, "ठराव वाचले असं समजायचं का?"

"समजायचं," सगळे म्हणाले. ही आमची जुनी पद्धत. चहा आला. मंजूर.

दुसऱ्या दिवशी नगर अभियंता कागद घेऊन माझ्या टेबलाशी उभे.

*विषय ४. घरे. ठराव: सदर बांधकाम वीस फुटांहून उंच नसावे. मजकूर सभ्य असावा. पंधरा दिवस कोरे आढळल्यास पालिका ते काढून टाकेल.*

"घर कोरं म्हणजे काय हो?" त्यांनी विचारलं.

"भिंतीवर काही लिहिलेलं नाही असं, साहेब."

"माझ्या घरावर काही नाही."

"मग लिहा काहीतरी. सभ्य."

मंजूर ठराव तीन महिने फिरवता येत नाही. हाही नियमच. आठवड्याभरात अख्खं शहर शिड्यांवर चढलं. निवृत्त मास्तरांनी घरावर एकोणतीसचा पाढा रंगवला, तोही चुकला. दाताच्या डॉक्टरांनी लिहिलं, 'आहेत तोवर या'. शेजारच्या काकूंनी आमच्या बाजूच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मिक्सर सकाळी सातनंतर'.

बायकोनं मात्र पुढचा, पाचव्या विषयाचा ठरावही वाचला.

"फलकाला तीन मजले चालतात?"

"हो. जिना, नळ आणि खेळती हवा सक्तीची."

"मग गच्चीवर फलक उभारू या."

घराच्या अर्जाला अकरा महिने लागतात. फलकाचा दोन दिवसांत मंजूर झाला. महिन्याभरात दादा-वहिनी पत्र्याच्या फलकात राहायला गेले, आणि आमच्या हॉलमध्ये कित्येक महिन्यांनी फरशी दिसली. बायको त्या फरशीकडे बघत नुसती बसून राहिली.

अभियंता तपासणीला आले. दार वहिनीनं उघडलं.

"फलकात कोण राहतं?"

"आम्ही. चपला बाहेर काढा."

तीन महिने संपले. चूक दुरुस्त करायला सभा बसली. अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "आज समजायचं नाही. आज यांनी एकेक शब्द मोठ्यानं वाचायचा."

वाचला. चौथा विषय चौथ्याखाली, स्पष्ट आवाजात, स्वल्पविरामांसकट. बावीस वर्षांत पहिल्यांदाच सभागृहानं ठराव ऐकला.

"थांबा," दाढीवाले म्हणाले. "म्हणजे माझा शेजारीही तीन मजले चढवणार?"

"माझ्या गच्चीत डोकावणार?" चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आयुष्यात प्रथमच त्यांचं एकमत झालं. चहा आला, गार झाला, परत गेला.

विषय चार नामंजूर. विषय पाच मंजूर: फलक वीस फूट, जिना नाही, नळ नाही, माणसं नाहीत.

घरी पोचलो तर दादा गुंडाळलेली गादी खांद्यावर घेऊन जिना उतरत होता. बातमी माझ्या आधी पोचली होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"तुम्हाला इतकं स्पष्ट वाचायला कोणी सांगितलं होतं?"

"अध्यक्षांनी."

"एरवी ऐकता का कोणाचं?"

दादानं सोफ्यावर बसून पाहिलं. "बरा आहे," तो म्हणाला. "फलकापेक्षा मऊ."

मग बायको आत गेली आणि रात्रीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. इतिवृत्तात आम्ही याला 'सखोल चर्चा झाली' असं लिहितो.