परचुऱ्यांची रांग

परचुरे सर संगणकाच्या पडद्याकडे समोरून कधी बघत नसत. ते बाजूने बघत. खुर्चीवरून उठायचे, त्या वेळच्या डबा मॉनिटरच्या कडेला गाल टेकवायचे, डावा डोळा मिटायचे आणि सुतार फळी सरळ आहे का हे जसं बघतो तसे काचेवरून नजर फिरवायचे. मग गाल न हलवता ओरडायचे, "रांग मोडली!"

नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, यांची दाढ दुखते आहे आणि मॉनिटर गरम असतो म्हणून ते शेक घेताहेत. मी अदबीने विचारलं, "सर, लवंग आणून देऊ का?"

त्यांनी मिटलेला डोळा उघडला. "आपलं गाव?"

"मेहकर."

"मेहकरला वेबसाइट लवंग लावून दुरुस्त करतात का?"

त्या दिवसापासून ते मला मेहकरच म्हणू लागले. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. बाबा बाजार समितीत पोती उचलायचे. पुण्यात मला एका माणसाने गावाच्या नावाने का होईना, रोज हाक मारावी, हे मला पुष्कळ होतं. शिवाय कॉलेजात जे कुणी शिकवलं नव्हतं ते या माणसाने टोमणे मारत मारत शिकवलं. मी आज जे चार घास खातो त्यात त्या टोमण्यांचा वाटा मोठा आहे.

आमची कंपनी सदाशिव पेठेत एका क्लासच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होती. मालक मिलिंद, तिशीतला, सतत फोनवर. परचुरे पन्नाशीला आलेले. आधी छापखान्यात पानं लावायचे. छापखाना बंद पडल्यावर इकडे आले. अक्षरांच्या ओळी सुटल्या, पण ओळीचं वेड सुटलं नाही. ऑफिसच्या दारातल्या चपला ते रोज सकाळी ओळीत लावत. एकदा मीटिंगला आलेल्या गृहस्थांना जाताना चप्पल सापडेना. सरांनी ती आकारमानाप्रमाणे डावीकडून चौथी ठेवली होती. बसथांब्यावर कुणी जरा बाजूला उभा राहिला की सर विचारत, "आपण रांगेत आहात, की हवा खायला आला आहात?"

त्यांचं काम टेम्प्लेट तपासायचं. टेम्प्लेट म्हणजे साचा. पानावर नाव कुठे, फोटो कुठे, मजकूर किती, हे त्यात ठरलेलं. पुढे माणसं बदलतात, साचा तोच राहतो. साचा तपासायला बाकीचे लोक "टेस्ट टेस्ट" असं काहीतरी टाइप करून मोकळे होतात. सर तसं करू देत नसत. ते एक नाव टाकायचे "उमा", आणि दुसरं टाकायचे "चित्तरंजन पुरुषोत्तमराव सरदेशमुख-निंबाळकर". आखूडही बसलं आणि लांबही बसलं, की म्हणायचे, "झालं. मधली माणसं आपोआप बसतात."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. मला ते फार शहाणपणाचं वाटायचं.

त्या वर्षी आमच्याकडे एका वधूवर मंडळाच्या वेबसाइटचं काम आलं. मंडळाकडे फोटोंचा ढीग होता. कुणाचा पासपोर्टचा, कुणाचा लग्नातला आडवा, कुणाचा सिंहगडावर हात पसरून काढलेला. हे सगळे एकाच मापाच्या चौकटीत बसवले, तेव्हा पहिल्या दिवशी हाहाकार झाला. आडवे फोटो दोन्ही बाजूंनी दाबले गेले आणि चांगली धष्टपुष्ट मुलं उदबत्तीसारखी दिसू लागली. उभे फोटो वरून दाबले गेले आणि किडकिडीत मुलं पहिलवान झाली. एका मुलीच्या वडिलांनी फोनवर मिलिंदला विचारलं, "आमची मुलगी तुम्ही कशाने लाटली?"

सरांनी त्यावर तोडगा काढला. फोटो दाबायचा नाही, कापायचा. वरून चौकटीएवढा भाग ठेवायचा, खालचा सोडून द्यायचा. "चेहरा दिसला की पुरे. बाकीचं काय बघायचंय लोकांना?" मजकुराचंही तेच. ठरावीक अक्षरांनंतर मजकूर तोडून तीन टिंबं द्यायची आणि खाली ‘पुढे वाचा’. सर्व्हरवर जागा कमी होती, म्हणून कापलेला फोटोच जपून ठेवायचा, मूळचा पुसून टाकायचा, हेही त्यांनीच ठरवलं. मग त्यांनी गाल टेकवला, डोळा मिटला. पडद्यावर वधू आणि वर संचलनातल्या जवानांसारखे एका ओळीत उभे होते. सर बराच वेळ तसेच राहिले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.

त्यानंतरच्या एका रविवारी ऑफिसच्या जिन्यावर ठक ठक असा आवाज आला. काम अंगावर असल्यामुळे आम्ही तिघंही सुट्टीच्या दिवशी आलो होतो. दारात एक मुलगी उभी राहिली, सत्तावीस-अठ्ठावीसची. काखेत कुबडी. दोन जिने चढून आल्यामुळे धाप लागलेली. तिने चपलांची रांग पाहिली, आम्हाला पाहिलं आणि विचारलं, "माझा खालचा अर्धा भाग कुठे ठेवलाय तुम्ही?"

कुणाला काही कळेना.

"मी वैशाली. विश्रांतवाडीहून आलेय. तुमच्या साइटवर माझा फोटो आहे, कमरेपर्यंत. मी पूर्ण पाठवला होता. कुबडीसकट. मुद्दाम."

सरांनी घाईने तिचं पान उघडलं. सुंदर कापलेला फोटो होता. खाली मजकूर होता: "गणिताची व गाण्याची आवड. लहानपणी पो..."

"लहानपणी पोलिओ झाल्यामुळे उजव्या पायाला कुबडी वापरते, असं मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "गेल्या आठवड्यात साताऱ्याहून माणसं आली. मी चहा घेऊन बाहेर आले. मुलाच्या आईने माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘अगं बाई, आम्हाला वाटलं, लहानपणी पोहण्यात बक्षिसं मिळवली असतील.’"

मला हसू फुटलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती हसली नाही, रडलीही नाही.

मिलिंद म्हणाला, "खाली ‘पुढे वाचा’ आहे ना पण?"

"तुम्ही वाचता?"

मिलिंदने हातातला फोन खिशात टाकला.

"जाताना त्यांनी माझ्या आईला सांगितलं, लपवायला नको होतं. आम्ही लपवलं नव्हतं. तुम्ही लपवलंत." तिने कुबडी भिंतीला टेकवली आणि खुर्चीत बसली. "आज नगरहून माणसं येताहेत. मंडळातल्या बाई म्हणाल्या, ती मंडळी बारा वाजता निघणार, निघायच्या आधी त्यांचा पुतण्या सायबर कॅफेतून साइट पुन्हा एकदा दाखवणार. त्याच्या आत माझा पूर्ण फोटो लावा."

"त्यांना सरळ फोन करून सांगितलंत तर?" मी विचारलं.

"नंबर आईकडे आहे. आई म्हणते, आधी येऊ देत, बोलणं होऊ दे, मुलगी आवडली की पायाचं काही वाटत नाही. मागच्या वेळीही हेच म्हणाली होती. मला पुन्हा दारात उभं राहून कुणाचा चेहरा पडताना बघायचा नाही हो. नाही म्हणायचं तर त्यांनी घरी बसून म्हणावं."

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा होऊन गेले होते. परचुरे सर टेबलाशी गेले आणि मूळ फोटो शोधू लागले. शोधायचं काय? मूळ फोटो पुसायचा, हा नियम त्यांचाच होता. तरी ते एकेक फोल्डर उघडत राहिले. शेवटी पडद्याकडेच बघत म्हणाले, "नाहीये. मीच पुसलाय. तुमच्याकडे?"

"मावसभावाच्या कॅमेऱ्यात होता. तो दुबईला गेला."

"मेहकर, कॅमेरा."

मिलिंदचा डिजिटल कॅमेरा घेऊन आम्ही गॅलरीत गेलो. बॅटरीचा लाल दिवा लुकलुकत होता. एक-दोन फोटो निघाले तर निघाले. वैशाली कठड्याशी उभी राहिली. सर सवयीने म्हणाले, "सरळ उभ्या राहा."

"मी सरळच उभी आहे. माझं सरळ असं असतं."

सरांचा कॅमेरा धरलेला हात खाली आला. त्यांनी मान हलवली, पुन्हा कॅमेरा उचलला आणि कुबडीच्या रबरी टोकापासून केसांतल्या अबोलीपर्यंत सगळी वैशाली नीट बघून बटण दाबलं. लगेच बॅटरी संपली.

कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो मिळाला, पण साचा तो घेईना. चौकटीत पूर्ण बसवला तर मुलगी चपटी आणि कुबडी मंडपाच्या खांबाएवढी जाड. आकार जपून लहान केला, तर चेहरा मुगाएवढा. आता एकच उपाय होता, तिच्यापुरती चौकट उंच करायची. सरांनी ती केली आणि वेगळंच संकट उभं राहिलं. खालच्या ओळीतला पहिला वर तिच्या उंच चौकटीच्या कोपऱ्याला अडकला, त्याच्यामागचे त्याच्या मागे, आणि सगळं पान एस.टी.च्या दारासारखं झालं. अकरा वाजून गेले होते. मिलिंद मागे येऊन उभा राहिला.

"अहो परचुरे, मंडळवाले ओरडतील. सगळी रांग मोडलीय."

सरांनी मान वळवली नाही. "मोडू दे."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

अडकलेल्यांना सोडवायला आम्हाला वेळ लागला. प्रत्येक ओळीनंतर जागा मोकळी करायची, मग पुढची सुरू करायची, हे सुचायला सोपं वाटतं. पण एका ब्राउजरमध्ये पान नीट झालं की दुसऱ्यात कोसळायचं. सरांच्या मानेवर घाम होता. वैशाली सारखी घड्याळाकडे बघत होती, ते जास्त जड जात होतं. शेवटी पान उभं राहिलं. तिची चौकट ओळीतून चांगली दोन बोटं खाली लोंबत होती. सरांनी मजकुराची कात्री काढून टाकली आणि तिचं वाक्य शेवटपर्यंत उमटलं.

"झालं?" वैशालीने विचारलं.

"माझ्याकडे जुनाच फोटो दिसतोय," आपल्या खोलीतून मिलिंद ओरडला.

मिलिंदच्या संगणकाने जुना फोटो लक्षात ठेवला होता. नगरच्या कॅफेत काल त्यांनी साइट बघितली असेल, तर तिथला संगणकही तेच करणार. आपण इथे काहीही बदललं तरी त्यांना अर्धीच मुलगी दिसणार. बाराला पाच-सात मिनिटं होती.

"सर, फाइलचं नाव बदललं तर?" मी म्हणालो. "नव्या नावाची फाइल त्याला नव्याने मागवावीच लागेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोमणा मारला नाही, आणि नवीन नाव टाइप केलं: वैशाली पूर्ण. मिलिंदच्या खोलीतून आवाज आला, "आला! कुबडीसकट!"

ती गेली. आम्ही काहीबाही करत बसून राहिलो. संध्याकाळी फोन वाजला, सरांनी उचलला.

"आले नाहीत," पलीकडून ती म्हणत होती. आवाज मलाही ऐकू येत होता. "बाराच्या सुमारास फोन आला, जमत नाही म्हणाले. आई चिडलीय. सर, मी मात्र जेवले आज. चहाचं दूध वाचलं, त्याची खीर करतेय." मग थोडं थांबून, "तो फोटो काढू नका. तसाच राहू द्या."

"नाही काढणार," सर म्हणाले आणि रिसीव्हर ठेवल्यावरही त्यावर हात ठेवून बसले.

आम्ही दोघं एकाच पेठेत राहायचो. मी कॉट बेसिसवर, एका खाटेपुरत्या भाड्याने, ते दोन गल्ल्या पुढे. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला घरी बोलावल्याचं ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "मेहकर, चहा घेऊन जा."

बाहेरची खोली अपेक्षेप्रमाणेच होती. भिंतीला टेकून चार खुर्च्या एका ओळीत. वर एक जुना कौटुंबिक फोटो, जाड पुठ्ठ्याच्या चौकटीत. आई, वडील, आणि कडेला अर्ध्या चड्डीतले परचुरे. त्यांच्या खांद्यावर एक हात होता. हाताचा मालक फोटोत नव्हता. तो पुठ्ठ्याखाली गेला होता.

"हा हात कुणाचा, सर?"

"माईचा. माझी थोरली बहीण." ते खुर्चीवर बसले. "तिला कोड आहे. फ्रेमवाल्याला घरच्यांनी सांगितलं होतं, तेवढी बाजू दाबून घ्या. पाहुणे आले की माई आत. मला मुली सांगून यायच्या तेव्हाही माई आत. दोनदा लग्न जमतही आलं होतं. मी म्हटलं, आमच्या घरात अजून एक माणूस आहे, ते बघून जा." त्यांनी खिशातून आपली छापखान्यातली छोटी फूटपट्टी काढली आणि परत ठेवली. "मग राहिलं."

आतून कपबशांचा आवाज येत होता. पडद्यामागून दोन कपांचा ट्रे धरलेले हात बाहेर आले, मनगटापर्यंत पांढरे. पडद्याच्या अलीकडे तेवढेच. सवयीचे हात होते ते. आता कुणीतरी उठून ट्रे घेईल म्हणून वाट बघणारे.

सर उठले. पण त्यांनी ट्रे घेतला नाही. भिंतीजवळची एक खुर्ची उचलली आणि ओळीतून काढून माझ्यासमोर, खोलीच्या मधोमध ठेवली.

"माई, बाहेर ये. हा आमचा मेहकर. बस इथे."

बराच वेळ पडदा हलला नाही. मग पांढऱ्या केसांची, सरांसारखंच नाक असलेली एक बाई बाहेर आली. तिने मला नीट पाहून घेतलं, मग खुर्चीकडे, मग भिंतीपाशी राहिलेल्या तीन खुर्च्यांकडे पाहिलं.

"रांग मोडलीस की रे," ती म्हणाली आणि बसली.